चार दिवस यंत्र सगळ्यांना पास म्हणालं

तुमच्या घरातल्या चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत सुरक्षेची जी खूण छापलेली असते, ती तुम्ही कुणाच्या भरवशावर खरी मानता?

मी विचारते, कारण ती खूण खरी ठेवण्याचं काम जवळपास तीन वर्षं माझ्याकडे होतं. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये बत्तीस बायका आणि सात पुरुष मिळून अडॅप्टर बनवायचे. दम्याच्या लहान मुलांना औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर तुम्ही पाहिला असेल. त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटला ज्या काळ्या डब्यातून लागते, तो डबा आमचा. आमचा सगळा माल परदेशात, एकाच देशात जायचा. तिथला नियम असा की त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय विजेवर चालणारी वस्तू बंदरातून आत येणार नाही. ते मिळवायचं तर आधी नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथे ते तापवतात, दमट हवेत कोंडतात, उंचावरून आपटतात. मग वर्षातून एकदा तपासनीस शेडमध्ये येतो आणि आपण नमुन्यासारखाच माल बनवतोय का, ते बघतो. आणि रोजची अट अशी की बनलेला प्रत्येक नग, एकही न सोडता, उच्च दाबाच्या चाचणीतून गेला पाहिजे.

वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर या सगळ्याला ‘फॉरेनवाल्यांचे नखरे’ म्हणत. मला ते नखरे मनापासून आवडायचे. माझ्या वडिलांनी कबनूरात यंत्रमागावर आयुष्य काढलं. आमच्या घरात पुस्तकं नंतर आली, युनियनची पत्रकं आधी. उघड्या पट्ट्यांना जाळी बसवा. कानाला बोळे द्या. पाळीत जेवायला बसू द्या. मी अक्षरं गिरवली ती या मागण्यांवर, आणि त्यातली निम्मीसुद्धा पुरी झालेली मी पाहिली नाही. आणि इथे एक कायदा म्हणत होता, की समुद्रापलीकडच्या ज्या पोराला तुम्ही कधी बघणार नाही, त्याच्या अंगाला तुमच्या डब्यातून करंट लागता कामा नये. नाहीतर माल परत न्या. वडिलांची पत्रकं जे मागत होती, ते कुणीतरी कुठेतरी कायद्यात लिहून ठेवलं होतं. त्या कायद्याची मी शिरोलीतली कारकून. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी मिरवतही असे.

चाचणीच्या टेबलावर एक मावशी बसायच्या. पेठ वडगावकडच्या, शेतकरी घरातल्या, पन्नाशीच्या. रोज एसटीने यायच्या, डब्यात दोघींना पुरेल एवढी भाकरी आणायच्या, आणि मी खाल्ली नाही तर ‘शिकल्याली माणसं हवेवर जगत्यात की काय’ म्हणून सगळ्या शेडला ऐकू जाईल असं विचारायच्या. त्यांच्यापुढच्या यंत्राला दोन लीड, म्हणजे जोडवायरी, होत्या. एक नगाच्या पिनांना लावायची, दुसरी त्याच्या शेपटीच्या वायरला. मग तीन हजार व्होल्ट सोडायचे. डब्याच्या आतला आडोसा नीट असेल तर वीज इकडून तिकडे गळत नाही, हिरवा दिवा लागतो आणि यंत्र ‘पीप’ करतं. गळाली तर लाल दिवा आणि भोंगा. लाल फार क्वचित लागायचा, वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका.

या यंत्राची एक खोड आहे आणि पुढचं सगळं त्या खोडीमुळेच घडलं, म्हणून ती सांगते. लीड तुटलेली असेल, किंवा यंत्राच्या भोकात नीट बसलेली नसेल, तर वीज नगापर्यंत पोचतच नाही. मग गळणार कुठून? यंत्र शून्य गळती बघतं आणि हिरवा दिवा लावतं. म्हणून आम्ही एक मुद्दाम बिघडवलेला नग ठेवला होता. पोरींनी त्याला लाल नेलपॉलिश फासलं होतं आणि त्याचं नावच ‘नापास’ पडलं होतं. रोज सकाळी सगळ्यात आधी यंत्राला नापास दाखवायचा. त्याने भोंगा वाजवला तरच काम सुरू. मावशी लीड लावणार, मी शेजारी उभी राहून बघणार आणि तक्त्यावर त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण करणार, असा नेम होता.

पहिल्यांदा हे समजावलं तेव्हा मावशी मोठ्यानं हसल्या होत्या.

“म्हंजे मुडदा दाखवला तर हे म्हणणार, तब्येत झकास हाय.”

“अगदी तेच मावशी.”

“मग आमच्या गावच्या डॉक्टरकडं शिकलंय ह्ये.”

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काम आटपून मी रजेवर गेले. आम्ही बौद्ध. विजयादशमीला वडिलांबरोबर नागपूरला जायचं, हे माझ्या जन्माआधीपासून ठरलेलं. तिथून लगेच परतायचं होतं, पण वडिलांना ताप आला आणि आत्याकडे मुक्काम लांबला. दसऱ्यानंतरचे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी मी वडिलांना घरी सोडून शेडमध्ये आले, तर फाटकात ट्रक उभा. पेट्या चढत होत्या. शेडचे मालक, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो, दारातच भेटले.

“आलीस? लई बरं झालं बघ. कागद तेवढे करून दे. ड्रायव्हर सकाळपासनं शिव्या घालतोय.”

मालाबरोबर जायच्या कागदांत रोजच्या तपासणीचा तक्ता लागायचा. मी तो काढला. दसऱ्यानंतरचे चार चौकोन रिकामे होते.

मावशी टेबलावर होत्या. पीप, पीप, पीप. मी लांबूनच हात केला, त्यांनीही हसून केला. तेवढंच. ट्रकचा हॉर्न वाजत होता, आणि मी मनात म्हटलं, मी नव्हते म्हणून खुणा राहिल्या, तपासणी थोडीच राहणार आहे. मावशी एक दिवस चुकवायच्या नाहीत. चार चौकोनांत चार खुणा केल्या. एका दमात केल्या, शेवटची जरा लांबलीसुद्धा. खाली सही केली. ट्रक गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी टेबलापाशी उभी राहिले. नापास जागेवर नव्हता.

“थांब, देतो,” मावशी म्हणाल्या, आणि खालच्या खणातून, फडक्यात गुंडाळलेला, तो काढला. “पूजेला काढून ठेवलेला. देवापुढं नापास कशाला मांडायचं? अपशकून.”

त्यांनी त्याला लीड लावल्या, बटण दाबलं.

पीप. हिरवा दिवा.

त्यांनी परत दाबलं. परत पीप. यंत्राच्या कडेला हळद-कुंकवाची बोटं अजून तशीच होती, मागे झेंडूची एक पाकळी अडकलेली. मी हात घालून लीड चाचपली. पूजेआधी यंत्र पुसताना कुणीतरी ती काढली होती आणि परत लावताना अर्धीच बसवली होती. मी अंगठ्याने दाबली. टक् असा आवाज झाला. बटण दाबलं. भोंगा इतक्या जोरात वाजला की पलीकडच्या रांगेतली एक पोर दचकून उठली.

“मावशी, दसऱ्यापासून हा दाखवलाच नाही का?”

त्या म्हणाल्या, “दसऱ्यानंतरची पयली भवानी नापासानं करायची व्हय? यंत्र पुजल्यावर पयला नग चांगलाच पायजे. म्हणून त्या दिवशी न्हाय दाखवला. दुसऱ्या दिवशी गडबड झाली. यंत्र तर चांगलं चालत हुतं की.” आणि मग माझ्याकडे बघून, “पर खुणा तर तू केल्यास न्हवं? कागद गेल्यावर मला वाटलं, तू कायतरी बघितलं असशील.”

त्यांनी माझ्यावर विसंबून राहायचं आणि मी त्यांच्यावर. मधल्या चार दिवसांत कुणीच काही तपासलं नव्हतं. एक यंत्र तेवढं मान डोलावत होतं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते मूळचे गडहिंग्लजकडचे. टीव्ही दुरुस्त करता करता इथवर आलेले, बायकांना कधी वाईट शब्द न बोलणारे. त्यांना खलनायक करून मला मोकळं होता येत नाही. मी सगळं सांगितलं. म्हटलं, माल बंदरावर पोचला असेल, जहाजावर चढला नसेल. परत आणू, परत तपासू.

“वर्षाला किती नापास होत्यात?” त्यांनी विचारलं.

“थोडेच.”

“मग चार दिवसांत एखादा तरी असंल का?”

“नसेल तर उत्तमच. बघू की उघडून.”

“माल मागं घेतला की कळवायला लागतंय. कळवलं की तपासणी लागती. प्रमाणपत्र थांबतं. प्रमाणपत्र थांबलं की ह्या बत्तीस जणी उद्यापासनं घरात.” ते उठले, दार लावलं, आणि आवाज चढवला नाही. “आणि पयलं कोण जाणार? टेबलावरची बाई. तिला कोण ठेवणार? तुला हाय का उत्तर?”

मी दाराच्या कडीकडे हात नेला.

“आणि तक्त्यावर सही कुणाची हाय, ताई?”

मी बाहेर आले. पत्रकांवर वाढलेली, घोषणा पाठ असलेली मी, बाहेर आले आणि जागेवर जाऊन बसले. मावशींनी नजरेनं विचारलं. मी म्हटलं, “साहेब बघतो म्हणाले.” हे खोटं होतं. त्या आठवड्यातलं पाचवं, चार खुणा धरल्या तर.

त्यानंतरचे दिवस मला नीट सलग आठवत नाहीत. आठवतो तो पीप. एसटीचं दार, बँकेतलं टोकन, शिरोली नाक्यावरचा हिरवा सिग्नल, सगळीकडे तो. डोळ्यांपुढे एक खोली येऊ लागली. मी कधी न पाहिलेली, तरी रोज थोडी जास्त भरत जाणारी. भिंतीवर त्या देशातलं तीन भोकांचं सॉकेट. त्यात आमचा काळा डबा. जमिनीवर बसलेलं एक पोर, तोंडावर मास्क. त्याला खोकला येतो. त्याची आई, हात नुकतेच धुतलेले, वायर सरळ करायला वाकते. याच्या पुढे मी कधी गेले नाही. ती वाकायची, आणि मी कुठेतरी उभी असायचे, रांगेत, नळाशी, माणसांत. मला त्या बाईचा चेहरा दिसत नव्हता. हात मात्र दिसायचे. ओले.

बहिणीच्या मुलाला दम लागला म्हणून त्याच आठवड्यात दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी नेब्युलायझर लावला आणि मी काही न बोलता अडॅप्टर भिंतीतून उपसून उलटा केला.

“अहो, काय करताय? पोराचं औषध चाललंय की!” नर्सबाई ओरडल्या.

आमचा नव्हता. दुसऱ्याच कुणाचा होता. त्याच्या पाठीवरही खूण होती. ती बघून मला धीर यायला हवा होता. उलट वाटलं, हिच्यामागेही एखादी शेड असेल, एखादा तक्ता असेल, आणि माझ्यासारखी एखादी, जिला ट्रकच्या हॉर्नची घाई झाली असेल. बहीण माझ्याकडे वेड लागल्यासारखी बघत होती. मी तो परत लावला.

सुट्टीच्या दिवशी कबनूरात वडील पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. मी शेजारी बसून घड्या घालू लागले आणि घालता घालता सांगून टाकलं. ते थांबले नाहीत, ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, “एकदा आम्ही एका कारखानदारावर लिवलं, ह्यानं अपघात झालेल्या गड्याला दवाखान्यात न्हाय नेलं. पत्रक वाटून झालं, मग कळलं, नेला हुता. त्यानंच, सोताच्या गाडीतनं. मालक वाईटच हुता बाकी सगळ्यात. पर हे त्यानं केलं हुतं.”

“मग?”

“मग काय? दुसरं पत्रक काढलं, आमचं चुकलं म्हणून. ज्या घरात पयलं दिलतं, त्या घरात परत गेलो. लोकांनी लई हसून घेतलं. एकानं तर विचारलं, कामगारांचं पुढारी की मालकाचं?” त्यांनी घडीवर नख ओढलं. “तुला परत जायला घरं तरी ठावं हायत का?”

नव्हती. आणि तोवर जहाजही सुटलं होतं. बंदरावर दोन दिवस माल पडून होता. त्या दोन दिवसांत एक फोन पुरला असता, आणि तो मी केला नाही. हे मला कुणी माफ करू शकत नाही, कारण ज्यांना तो हक्क आहे त्यांना मी माहीतच नाही.

त्याच दुपारी मी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला आणि तिकडच्या आयातदाराला पत्र लिहिलं. चार तारखा, त्या दिवसांत बनलेल्या पेट्यांचे क्रमांक, लीडचं कारण, आणि ‘या खुणा मी तपासणी न पाहता केल्या’ हे वाक्य. खाली माझं नाव. पाठवायच्या आधी वडगावला मावशींच्या घरी गेले. त्या गोठ्यात होत्या. सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, “माझंबी नाव घाल. भवानीचंबी लिव. अर्धं सांगून काय हुतंय?” आणि मी निघाले तेव्हा मागून, “यवढं दिवस काय करत हुतीस गं?”

मी लिहिलं. साहेबांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते रागावतील म्हणून मी तयारी केली होती. ते खुर्चीत मागे टेकले आणि नुसते छताकडे बघत राहिले.

साहेब म्हणाले होते तसंच झालं. प्रमाणपत्र थांबलं. पाच महिने शेड जवळपास बंद होती. बायका गेल्या, काही दुसरीकडे लागल्या, काही नाही. एकीनं मला वसाहतीच्या कोपऱ्यावर अडवून विचारलं, “तिकडच्या पोरांचं लई बघितलंस, आमच्या पोरांचं कोण बघणार?” जे उत्तर माझ्याकडे आहे ते तिच्या चुलीशी बसून देता येण्यासारखं नाही, आणि तरीही ते खरं आहे: आपल्या पोरांचं पोट दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर भरायचं ठरवलं, तर आपली पत्रकं फाडून टाकावीत. हे मी इथे कागदावर बेधडक लिहिते. तिच्यासमोर मला ते म्हणता आलं नव्हतं.

मी राजीनामा दिला. शेड पुन्हा सुरू झाली, बऱ्याच जणींना परत बोलावलं. मावशींना नाही.

आयातदाराचं उत्तर आलं होतं. माझं पत्र त्यांच्या टपालात पडून राहिलं होतं, आणि ते वाचलं गेलं तेव्हा माल उतरून गोदामात गेला होता. बहुतेक माल त्यांच्या गोदामातच सापडला. त्यांनी तो सगळा परत तपासला, आणि दोन नग नापास निघाले. आतली वीज अडवणारी पट्टी आखूड गुंडाळलेली. आमच्या शेडमधले, त्या चार दिवसांतले, हिरवा दिवा मिळालेले दोन नग. म्हणजे साहेबांचा ‘एखादा तरी असंल का’ चुकला होता. पण दोन पेट्या तोवर दुकानांत गेल्या होत्या. त्यातले बरेच नग दुकानांतून परत आले. सदतीस आले नाहीत. ते विकले गेले होते. दुकानांत सूचना लावली आहे, असं त्यांनी कळवलं, आणि पुढे पत्रव्यवहार थांबला.

सदतीस घरं. कदाचित सगळे नग धड असतील. कदाचित एक नसेल. ती वायर सरळ करायला वाकलेली बाई अजून तशीच वाकलेली आहे. मी तिला हाक मारायला जाते आणि तिची भाषा मला येत नाही.

अधूनमधून मी वडगावला जाते. मावशी आता डेअरीत दूध घालतात आणि शेजारणीच्या शेतात कामाला जातात. भाकरी अजून दोघींना पुरेल एवढीच करतात. माझ्यावर राग आहे का, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण मी चप्पल काढायच्या आत त्या दर वेळी एकच विचारतात.

“त्या सदतिसांचं काय कळलं का?”

“नाही मावशी.”

“विचार की परत.”

मी परत विचारते. उत्तर येत नाही.

हे वाचणाऱ्यांत कारखान्यात, दवाखान्यात, शाळेच्या स्वयंपाकघरात, लिफ्टच्या देखभालीत, कुठेतरी रोज तक्ता भरणारं कुणीतरी नक्की असेल. तुम्हाला माझी एक विनंती आहे. उद्या कामावर गेलात की गेल्या पंधरा दिवसांचा तक्ता काढा. न बघता केलेली एखादी जरी खूण सापडली, तरी ती एका रेघेनं खोडा, बाजूला ‘पाहिलं नव्हतं’ असं लिहा, सही करा, आणि त्या दिवशीचं काम परत तपासून घ्या. वरचे नाही म्हणाले तर ज्यांच्याकडे तो माल गेला त्यांना स्वतः कळवा. तो अजून गावात असेल, गोदामात असेल, बंदरावर असेल. त्याच दिवशी फोन करा.